ओळख पटली

६ जानेवारी

आईंना नमस्कार.

आधी डोळ्यांचं काय झालं ते कळवा. मागच्या पत्रात ओळी इतक्या तिरक्या होत्या की वाचताना माझी मान अवघडली. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा येतो. दिवसभर तेच काम असतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

माझं ठीक आहे. म्हणजे गुडघे, झोप आणि मोठे साहेब सोडून सगळं ठीक. हवालदारानं परवा पुन्हा विचारलं, "वहिनी कधी यायच्या?" मी नेहमीचंच सांगितलं, ती आईकडे आहे, आईची तब्येत बरी नसते. तो म्हणाला, "फारच लांबलं हो साहेब म्हातारीचं." तुम्ही माझ्या सोयीसाठी इतकी वर्षं अंथरुणाला खिळून आहात, त्याबद्दल एकदा आभार मानायचे होते.

सध्या एक प्रकरण अंगावर आलंय. कालव्याच्या लोखंडी दारापाशी एक माणूस अडकलेला सापडला. बरेच दिवस पाण्यात होता, त्यामुळे चेहरा असा राहिला नव्हता. खिशात काही नाही. अशा वेळी बेवारस म्हणून नोंद करायची आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा विचार होता. पण आमचा हवालदार उत्साही प्राणी. आसपासच्या गल्ल्यांत 'कुणाचा माणूस दिसेनासा झालाय का' असं विचारत फिरला आणि शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांच्या दुकानाशी येऊन थांबला. थोरला भाऊ कितीतरी दिवस कुणाला दिसलेला नाही. बायको शेजाऱ्यांना सांगत होती, कामासाठी बाहेरगावी गेलेत.

तिला शवागारात आणलं. चाळिशीची असेल, नीटनेटकी, केस घट्ट बांधलेले. चादर बाजूला केली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हेच." मग भिंतीला टेकून अशी काही रडली की तिथला तो निगरगट्ट सफाईवालासुद्धा बाहेर निघून गेला. ओळख पटली, सही झाली.

डॉक्टर म्हणतात डोक्याला मागून मार आहे. कुणी मारलं असेल किंवा दारावर आपटला असेल. मोठ्या साहेबांना त्यातला पहिला अर्धा भाग आवडला. धाकट्या भावाला उचललाय. शेजारच्या शिंप्यानं त्याला दुकानात ओरडताना ऐकलं होतं, "पुन्हा या दुकानाची पायरी चढलास तर तंगडं मोडीन." त्यानंतर थोरला दिसलाच नाही. धाकटा तोंड उघडायला तयार नाही. काहीही विचारा, जमिनीकडे बघत बसतो. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि बहुतेकांनी केलेलं असतं. फेब्रुवारी उजाडला की कागद कोर्टात जातील, आणि गेले की त्याचं आयुष्य गेलं. खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही. काही वाटत नाही याचंच जरा वाटतं.

तुमचा,
जावई (अजून धरत असाल तर)

१२ जानेवारी

जावईबापू,

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. लिहिते मी माझ्याच हातानं, अंदाजानं. ओळ घसरली तर तुम्हीही घसरा तिच्यामागून. वाचून मात्र घ्यावं लागतं. वाचणारीला तुमचं अक्षर लागतं हे नशीब, नाहीतर तुमचं पत्र म्हणजे मुंग्यांनी काढलेला मोर्चा. आणि हवालदाराला सांगा, म्हातारी ठणठणीत आहे आणि त्याच्या मयताला चालत येईल.

तुमचं ते कालव्याचं प्रकरण दोनदा ऐकलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा मला एक कळेना. नवरा इतके दिवस घरी आला नाही आणि ही बाई तुमच्याकडे एकदाही आली नाही? माझे हे दुकानातून यायला जरा उशीर झाला की मी जिन्यात जाऊन उभी राहायची, आणि ते तर शेजारच्या चौकातच गप्पा छाटत असायचे. माणूस येत नाही म्हटल्यावर बाई गप्प बसते कधी? तो कुठे गेलाय हे तिला माहीत असतं तेव्हा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. तिचा नवरा जहाजावर आहे असं ती सांगते. मी इथे राहायला आले तेव्हाही तो जहाजावर होता. ते जहाज काही अजून कुठल्या बंदराला लागलेलं नाही. आम्ही सगळ्या जणी मोठ्या काळजीनं समुद्राची चौकशी करतो, आणि ती आत गेली की एकमेकींकडे बघतो. वाईट आहोत आम्ही. ती जर उद्या म्हणाली की जहाज बुडालं, तर याच आम्ही तिच्यासाठी जेवण घेऊन धावू.

तुम्ही हुशार आहात म्हणतात. मग विचार करा. तिनं चादरीखाली नवरा पाहिला, की सुटका?

तुमची सासू,
अंथरुणाला खिळलेली

१९ जानेवारी

आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी चिडलो. तीस वर्षं ही नोकरी केल्यावर सासूबाई घरबसल्या तपास शिकवतात म्हटल्यावर कुणीही चिडेल. तुमच्या शेजारणीलाही सांगा, वाचताना इतकं रंगवून वाचत जाऊ नका.

चिडलो आणि मग त्या बाईच्या घरी गेलो.

दोन खोल्या. खिडकीत एक मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला परकर. भिंतीवर कपडे अडकवायला दोन खुंट्या, एक रिकामी. तिच्यावर नवऱ्याचा लोकरीचा कोट असायचा म्हणे. मोरीतल्या फळीवर दाढीचं सामान नाही. दाराजवळच्या कोनाड्यात धूळ बसली होती आणि मधोमध पेटीच्या आकाराची स्वच्छ जागा. मी विचारलं तिथे काय असायचं. ती म्हणाली, "हत्यारांची पेटी." कुठे आहे ती? "दुकानात असेल." दुकानात नाही, मी बघून आलो होतो. आता मला सांगा, कालव्यात ढकलला गेलेला माणूस जाताना पेटी, वस्तरा आणि लोकरीचा कोट घेऊन निघतो होय?

तुम्ही जिंकलात. नवरा मेलेला नाही, निघून गेलाय. हिनं भलत्याच माणसाला आपला म्हटलंय.

पण मी हे तिच्या तोंडून काढू शकलो नाही. चहा दिला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, पाठ केल्यासारखी. शेवटी म्हणाली, "साहेब, दिराला सोडा. त्यानं काही केलेलं नाही. हे पाय घसरून पडले असतील." कशावरून म्हणता, असं विचारल्यावर पदराशी खेळत बसली. तिला बिचारीला वाटलं होतं, माणूस मेला म्हटलं की विषय संपतो. मेल्यावर आम्ही मारणारा शोधायला निघतो हे तिच्या डोक्यातच आलं नसणार. आता धाकटा आत आहे आणि ती रोज डबा घेऊन फाटकाशी उभी असते.

मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "बायकोनं ओळखलंय. तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतं." माझ्याकडे पुरावा काय, तर धुळीतली जागा. त्यांनी ती फुंकरीनं उडवली. बाकीच्या ठाण्यांना निरोप धाडलेत, मशीन दुरुस्त करणारा असा असा माणूस दिसला तर कळवा म्हणून. कुणी कळवणार नाही. आणि खरं सांगू का, जो आपणहून निघून गेला त्याला शोधू नये, हे माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचा जावई

२४ जानेवारी

जावईबापू,

हे तुमचं मत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला तुम्ही कधी सांगितलंत? आज कळलं आणि ऐकून बरं वाटलं नाही. मला एकटीलाच नाही.

आज थट्टा नाही करणार. माझी मुलगी तुमच्या घरातून निघाली त्याच्या आधी तिनं मला काय सांगितलं होतं, ते तुम्हाला कधी लिहिलं नाही. आता लिहिते. ती म्हणाली, "आई, हे दिवसभर परक्या माणसांना प्रश्न विचारतात. जेवलास का, झोपलास का, काल कुठे होतास, कुणाशी भांडलास. आणि घरी आले की एकसुद्धा नाही. मी केस कापून आले तरी नाही. मी दोन दिवस तापानं पडले, तर पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले." तुम्ही वाईट होतात असं ती म्हणाली नाही. दारू नाही, मारहाण नाही, मग सांगायचं तरी काय लोकांना, म्हणाली.

तुम्ही त्या बाईला पेटी कुठे, वस्तरा कुठे, हे विचारलंत. तिला काय होतंय हे विचारलंत का? आणि तो दीर. तो का गप्प आहे? स्वतःला वाचवायला माणूस बडबडतो, गप्प बसतो तो दुसऱ्या कुणासाठी. जा आणि त्याला माणसासारखं विचारा. गुडघे दुखत असले तरी त्याच्याशेजारी खाली बसा.

माझा डोळा चुरचुरतोय. पुरे करते.

२९ जानेवारी

आईंना नमस्कार.

खाली बसलो. उठताना हवालदाराला हात द्यावा लागला.

मी धाकट्याला त्या दिवसाचं काही विचारलं नाही. वहिनीशी तुझं कसं आहे, एवढंच विचारलं. तो पायाचं नख खरवडायला लागला. मग म्हणाला, "आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. वहिनी लग्न होऊन आली आणि मला रोज सकाळी डोक्याला तेल लावून शाळेत धाडायची. तिचं स्वतःचं काही वय नव्हतं हो तेव्हा." एवढ्या मोठ्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग सगळं सांगितलं.

थोरल्याचं एका बाईशी जमलं होतं. शिवणाचा वर्ग चालवायची, मशिनी दुरुस्तीला टाकायला यायची. एक दिवस त्यानं दुकानातच धाकट्याला सांगितलं, मी जातोय, वहिनीला तू बघ. तेव्हा तो ओरडला, पायरी चढलास तर तंगडं मोडीन. थोरला पेटी उचलून गेला. वहिनीला तो घरी सांगून गेला होताच. दोघांनी, म्हणजे दीर-भावजयीनं, आपसात ठरवलं की बाहेरगावी गेलेत म्हणायचं. आणि मग आम्ही तिला शवागारात नेलं.

"वहिनी हेच म्हणाली हे कळलं," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, चला, बरं झालं. आता तिला कुणी काही बोलणार नाही. नंतर तुम्ही मला धरलंत. आता मी कसं सांगू की ती खोटं बोलली? सगळ्या गल्लीसमोर मी तिला खोटी पाडू?"

मी म्हटलं, अरे गाढवा, जन्मभर आत सडशील. तो म्हणाला, "ती सांगेल तेव्हा सांगेल. मी नाही सांगणार."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कित्येक वर्षांनी कुणाला तरी वाचवावंसं वाटलं, आणि नेमकं ते माझ्या हातात नाही. आरोपीचं बोलणं कुणी धरत नाही. तिनं येऊन सांगायला हवं, तेही साक्षीदारांसमोर. मी तिला तोंडावर खोटी म्हटलं तर ती मरेपर्यंत 'हेच' म्हणत राहील. असे लोक असतात, खरं बोलायला नाही, खोटं मोडायला घाबरतात. साहेबांकडून पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत मागून घेतली आहे. त्यांनी घड्याळाकडे बघत दिली.

दमलोय आई. ही नोकरी म्हणजे दुसऱ्यांच्या घरांतला केर काढणं. स्वतःच्या घरात कुणी पाऊल टाकत नाही म्हणून तिथे केरसुद्धा होत नाही.

काय करू ते सुचत असेल तर लिहा.

तुमचा जावई

२ फेब्रुवारी

जावईबापू,

लगेच लिहिते आहे, पोस्टाची वेळ गाठायची आहे.

तुम्हाला जे तिच्याकडून हवं आहे ते आधी तुम्ही देऊन बघा. तिला कशाची भीती वाटते हे जगात तुमच्याइतकं कुणाला कळणार? तीही सांगते बाहेरगावी गेलेत, तुम्हीही सांगता आईची तब्येत बरी नसते. तिचा नवरा पाण्यात बुडाला आणि तुमची सासू अंथरुणात. दोघांची जातकुळी एकच.

तेव्हा तिला बोलवा आणि सांगा, माझी बायको मला सोडून गेली. एकटीला गाठून सांगू नका. ते सोपं आहे. ज्याच्यासमोर सांगायला जीभ रेटत नाही त्या हवालदारासमोर सांगा. ती बघेल की माणूस हे बोलतो आणि तरी खुर्चीतून खाली पडत नाही.

एवढंच सांगा. जास्तीचं काही घालू नका. तुम्हाला पोलिसांना जास्तीचं घालायची सवय असते.

तुमची आई

९ फेब्रुवारी

आईंना नमस्कार.

झालं. सुटला. सगळं सांगतो, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही.

ती नेहमीसारखी डबा घेऊन आली तेव्हा मी तिला आत बोलावलं. कारकून टाइप करत होता, हवालदार खिडकीशी उभा. तिला बसायला सांगितलं. बसली नाही, डबा पोटाशी धरून उभी राहिली. मी म्हटलं, "बाई, आज मी काही विचारणार नाही. मला तुम्हाला सांगायचंय."

आई, चोरांशी, खुन्यांशी, मंत्र्यांशी बोललोय मी. पण तोंड उघडण्याआधी टेबलावरचा पाण्याचा पेला अख्खा रिकामा करावा लागला, असं कधी झालं नव्हतं.

म्हटलं, "माझी बायको मला सोडून गेली. बरीच वर्षं झाली. इथे सगळ्यांना मी सांगतो की ती आईकडे आहे, आईची तब्येत बरी नसते. ती आईकडे नाही. ती कुठे आहे मला माहीत नाही."

टाइपरायटर थांबला. हवालदार खिडकीबाहेर असा बघायला लागला जणू कालवा तिथून वाहतोय. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, निदान खोकेल. कुणी काही केलं नाही. बाईनं डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "का गेल्या?"

मी म्हटलं, "मी तिला काही विचारायचो नाही म्हणून."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "आमचे जाताना म्हणाले, तुझ्यात काय आहे? मी विचार करत बसले की काय आहे. आठवेना." मग म्हणाली, "साहेब, तो मेला म्हटल्यावर मला सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली. शिंप्याची बायको माझ्या घरी येऊन भांडी घासून गेली. तो सोडून गेला म्हटलं असतं तर तिनंच विचारलं असतं, तुझं काय चुकलं ग?"

मी गप्प राहिलो. या वेळी ते गप्प राहणं बरोबर होतं असं मला वाटतं.

"तो आमचा नव्हता," ती म्हणाली. "चादर काढल्या काढल्या कळलं. पायाची बोटं वेगळी होती. पण तुम्ही सगळे इतक्या हळू बोलत होतात माझ्याशी. इतकं हळू माझ्याशी कुणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, हेच."

कारकुनानं मला न विचारता कोरा कागद यंत्रात घातला. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकदाही न अडखळता. सही करताना मात्र थांबली. म्हणाली, "मग तो होता कोण?"

म्हटलं, "माहीत नाही. त्याला विचारत कुणी आलं नाही."

"मी जे रडले ना," ती म्हणाली, "ते सगळंच खोटं नव्हतं. थोडं त्याच्यासाठी होतं."

खोटी ओळख सांगितल्याबद्दल तिला कोर्टात उभं राहावं लागेल, पण मी जाईन तिच्यासोबत, समजुतीचं काही होईल. धाकट्याला बाहेर आणलं तेव्हा मला वाटलं दोघं रडारड करतील. तो म्हणाला, "वहिनी, डब्यात काय आणलंस?" आणि दोघं बाहेरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, एकाच डब्यातून जेवले. गल्लीत आता सगळं कळेलच. तिनं डब्याचं झाकण लावताना मला विचारलं, "साहेब, तुमचं जेवण झालं का?" मी नाही म्हटलं. मला खरंच भूक लागली होती.

मोठे साहेब अर्थातच खवळले. सुटलेला खुनी म्हणजे त्यांना घरात शिरलेली मांजर वाटते. माझी रवानगी जप्त मालाच्या कोठडीत झाली आहे. तुटक्या सायकली, चाकू आणि कुणीतरी सोडून दिलेल्या घड्याळांमध्ये बसायचं, निवृत्त होईपर्यंत. खुर्ची बरी आहे. हवालदार संध्याकाळी निघताना दारात घुटमळला. मी म्हटलं, विचार काय ते. तो म्हणाला, "काही नाही. येतो, साहेब." आता तो 'वहिनी कधी यायच्या' म्हणून विचारणार नाही. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. कुणीच विचारणार नाही म्हटल्यावर एकदम मोठी खोली रिकामी झाल्यासारखं वाटतंय.

आभार. आता तुम्ही अंथरुणातून उठायला हरकत नाही.

तुमचा जावई

१४ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र आलं. मला अर्धंच ठाऊक आहे. "ती आईकडे नाही" या ओळीपाशी वाचणारी थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून आत गेली. माझ्या एका डोळ्याला तुमच्या मुंग्या दिसत नाहीत. तो दीर सुटला की नाही, एवढंसुद्धा मला अजून कळलेलं नाही, आणि मी इथे घालमेल करत बसले आहे.

मी लिहिलं होतं ना, जास्तीचं काही घालू नका म्हणून?

आता मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. ती आईकडे नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी सांगितलं? काढा माझी सगळी पत्रं आणि दाखवा मला ती ओळ. मी तुमच्याशी एक अक्षर खोटं बोललेली नाही. मला वाचून दाखवणारी शेजारीण नाही, शेजारी एक म्हातारा राहतो आणि त्याला वाचता येत नाही. शेजारीण तुम्ही काढलीत. मी फक्त तुम्हाला अडवलं नाही.

इतकी वर्षं तुम्ही मला पत्रं लिहिलीत. गुडघे लिहिलेत, साहेब लिहिलेत, मेलेली माणसं लिहिलीत. एक प्रश्न एकदाही लिहिला नाहीत. मी प्रत्येक पाकीट फोडताना वाट बघायची. सुरुवातीला दोघी बघायचो. मी शब्द दिलेला आहे, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि तो मोडणार नाही. माझी मुलगी माझ्यासारखीच हट्टी आहे आणि तुम्ही आम्हा दोघींपेक्षा जास्त.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवते आहे. उगीच मोठं पत्र लिहू नका.

आई

१७ फेब्रुवारी

आई,

पाकीट हातात धरून जप्त मालाच्या कोठडीत बसलो होतो. हवालदारानं दोनदा येऊन बघितलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

माझ्या कामात विचारलं की उत्तर येतं, आणि येतं ते बहुतेक वाईट. घरीही तसंच होईल म्हणून मी विचारायचंच सोडलं. विचारलं नाही तर वाईट काही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. तिनं जायचं ठरवलं तर त्यात आपण पडू नये, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि त्याला तिचा मान राखणं म्हणत आलो. मान कसला, घाबरलो होतो. अजून घाबरतोय.

दीर सुटला. तुम्हाला घोर लागला असेल म्हणून आधी सांगितलं.

ती तिथे आहे का?

२० फेब्रुवारी

अहो,

आहे.

निघाले त्याच दिवशी इथे आले. दुसरीकडे कुठे जाणार होते? आईकडून शब्द घेतला तेव्हा मला वाटलं होतं, आठवड्याभरात विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी चिडले, मग हट्टाला पेटले, मग तेच अंगवळणी पडलं. आईचे डोळे गेले तशी तुमची पत्रं वाचायचं माझ्याकडे आलं. ती ऐकायला समोर बसायची आणि मी वाचायची. तुमची झोप, तुमचं ते खुर्चीत बसून राहणं, सगळं सरळ आवाजात, बातमी वाचावी तसं. तुमची वाट बघून मी थकले नाही. तो आवाज सरळ ठेवून थकले.

ते अर्धं राहिलेलं पत्र मी नंतर पुरं केलं. त्या दोघांनी बाकावर बसून डबा खाल्ला हे आईला वाचून दाखवताना मात्र आवाज सरळ राहिला नाही. आई म्हणाली, राहू दे, उद्या वाच. मी म्हटलं, नाही, आज.

मी लगेच परत येईन असं समजू नका. राग गेलेला नाही, आणि तो गेला तर मी तुमच्याशी कशी वागेन हे मला माहीत नाही. मी बरी आहे का, इतकी वर्षं काय करत होते, तुमची आठवण येते का, यातलं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. एक विचारलंत आणि पाकीट चिकटवून टाकलंत.

पुढचं विचारा. या वेळी पत्र माझ्या नावानं पाठवा.